कांद्याच्या चाळीतला माणूस

अंबड, नाशिक
४ मे २०२५

मामा,

तुम्हाला नमस्कार, मामीला वेगळा.

परवा तुम्ही शिडी धरलीत आणि मी कांद्याच्या चाळीत वर वाशाला ती पांढरी डबी बसवली, तेव्हा अर्धी वडगावथडी खाली उभी होती. एवढ्या लोकांसमोर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहिते.

डबी साबणाच्या वडीएवढी असली तरी आत रडार आहे. विमानतळावर असतं त्याचं हे शेंडेफळ समजा. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी खाली सोडते. त्या कांद्यावर आपटून परत येतात आणि त्यावरून ढीग किती खाली आहे ते तिला कळतं. आत कांदा सडला की तेवढ्या जागी ढीग खचतो. आपल्याला ते वास सुटल्यावर कळतं, डबीला आधी कळतं. दुसरं काम राखणीचं. माणूस कितीही गप्प उभा राहिला तरी श्वासानं त्याची छाती हलते, आणि डबीला तेवढं हलणं पुरतं. कॅमेरा नाही, कुणाचा चेहरा दिसत नाही. मामीला हे नक्की सांगा, ती चाळीत शिरताना पदर सावरत होती.

दोन छोट्या सेलवर ती हंगामभर चालेल, कारण बहुतेक वेळ झोपलेली असते. मध्येच जागी होते, बघते, इकडे अंबडला कळवते आणि परत झोपते.

आता खरं सांगते. कारखाना दीपक सरांचा असला तरी ही डबी माझी आहे. दोन वर्षं मी तिच्या मागे आहे. पोळा झाला की एका शेतकरी कंपनीचे लोक ती बघायला येणार आहेत. त्यांना आवडली तर त्यांच्या सभासदांच्या चाळींत ती लागेल. तोवर तिनं एकदाही माणूस नसताना माणूस म्हणायचं नाही, अशी सरांची अट आहे. ती चुकत राहिली तर काम बंद, आणि मी परत दुसऱ्यांची सर्किटं तपासायला बसणार. म्हणून तुमची चाळ मागितली. कुलूप लावत जा, आणि आत कोण कधी गेलं ते कळवत जा.

तुमची,
निकिता

—

वडगावथडी
१२ मे

निकिताबाई,

आशीर्वाद घे आणि बसून वाच, पत्र मोठं आहे.

निघताना तू फोन कर म्हणालीस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो. तू आमच्याकडे शाळेला होतीस तेव्हा तुझ्या आईशी माझी अशीच दोन भांडणं झाली. तेव्हा कामाचं जे असेल ते कागदावर. पोस्टमनलाही आमच्या दारात चहा मिळाला पाहिजे.

डबी मजेत आहे. झोपते फार म्हणालीस, तर ती आपल्या घराण्यातलीच आहे. गावाचं विचारू नकोस. शेजारचा भारत म्हणतो, "वाल्मीकराव, आता कांद्याला बी टीव्ही दावणार का?" मी सांगितलं, माझ्या भाचीनं बनवलंय, लासलगावच्या बाजार समितीतसुद्धा असं नाही. समितीत आहे की नाही हे मला माहीत नाही, पण त्यालाही नाही.

चाळीला कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्या करगोट्याला आहे, ती अंघोळीलाही सुटत नाही. आत जाणारे तिघेच, मी, तुझी मामी आणि झुंबर. झुंबर आपल्याकडे तू परकरात होतीस तेव्हापासून कामाला आहे, तुला वेगळं सांगायला नको. काळजी करू नकोस. तुझ्या डबीला इथं कुणाची नजर लागू देणार नाही, असं तुझ्या मामीनं लिहायला सांगितलं आहे.

तुझा मामा,
वाल्मीक

—

अंबड
९ जून

मामा,

आधी चांगली बातमी. विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात ढीग चार दिवसांत जास्त खचला आहे, बाकी सगळीकडे हळूहळू खाली जातोय तसाच. तिथला कांदा उकरून बघा, आत सडका असणार.

आता वाईट. चाळीत माणूस आहे.

कुलूप असताना, तुम्ही शेतात असताना, डबी सांगते की कुणीतरी आत आहे. चालत नाही, बोलत नाही, एका जागी उभं राहून श्वास घेतंय. आणि ते शनिवारी येतं, मामा. शनिवार, रविवार, सोमवार अगदी ठसठशीत असतं. मग अंधूक होत जातं आणि शुक्रवारपर्यंत नाहीसं होतं. पुन्हा शनिवारी हजर. सर म्हणाले, "निकिता, तुझा चोर आठवडी सुट्टी घेतो का?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

डबीत दोष असता तर असा वार बघून आला नसता. म्हणून विचारते, रागावू नका, शनिवारी चाळीत कोण जातं?

निकिता

—

वडगावथडी
१७ जून

चि. निकिता,

तो कोपरा उकरला. पोरी, वरून कांदा कसा लालबुंद आणि हातभर खाली नुसता लगदा. वेळेवर निवडून काढला म्हणून बाकीचा वाचला, नाहीतर तो वास दिवाळीपर्यंत पुरला असता. गावातले चौघे हातानं चाचपून गेले. भारत आता टीव्हीचं नाव काढत नाही.

पण तुझ्या दुसऱ्या बातमीनं झोप उडवली. शनिवारी दुपारी मी चाळीसमोर खाट टाकून बसलो. एक डोळाही मिटला नाही, बरं, एक मिटला असेल. माशी आत गेली नाही. तरी तू म्हणतेस माणूस आहे. मग घरातलंच कुणीतरी असणार, असं मनात आलं आणि मी झुंबरला म्हणालो, "चार दिवस चाळीत जाऊ नको." कारण सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तेव्हापासून तो भाकर आपल्या घरून आणतो आणि बांधावर एकटा खातो.

चोर सापडत नाही आणि माणूस मात्र दुखावला. मला हे बरं वाटत नाही, निकिता. तुझी डबी खोटी म्हणू की झुंबर खोटा म्हणू?

वाल्मीकमामा

—

अंबड
३० जून

मामा,

झुंबरदादांना काही म्हणू नका. मी तसं विचारायलाच नको होतं. त्यांच्या खांद्यावर बसून मी तुमच्याकडचा सगळा पोळा बघितला आहे.

आमच्या कारखान्यातला अमोल गुरुवारी तुमच्याकडे आला होता. दिवसभर चाळीत बसला, डबी पुसली, सेल बदलले, काही सापडलं नाही. तो असताना डबी अगदी बरोबर होती. तो परत आला आणि शनिवारी पुन्हा सुरू. या वेळी एक नाही, दोन माणसं.

सर वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाले, पोळ्यापर्यंत थांबू, पण दोन माणसांची तीन झाली तर मला त्या लोकांना 'येऊ नका' म्हणून कळवावं लागेल. मी 'हो' म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. हे आईला सांगू नका.

निकिता

—

वडगावथडी
५ जुलै

निकिता पोरी,

मी सुवर्णामामी. तुझ्या मामाला न सांगता लिहिते, अक्षराला हसू नको.

तुझं पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं. तू जिन्यात रडली हे ऐकलं अन् मी कागद शोधला. मामांना वाटतं यात माणसाचा हात हाय. मला नाय वाटत. पोरी, तुझ्या डबीला दृष्ट लागली हाय, अन् लय जबर लागली हाय. अर्धा गाव बघून गेला, कुणाकुणाचे डोळे कसे असतात.

मी आधीपासून काळजी घेतली. तू डबी लावून गेली अन् दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तवापासून दर शनिवारी मी ताजं लिंबू अन् सात मिरच्या काळ्या दोऱ्यात ओवून डबीच्या खाली बांधते. दोरा चांगला लांब सोडते, म्हंजे कुणी बी वर बघितलं तर आधी लिंबू दिसलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत वाळतं, शनिवारी नवं. मोटारीला बांधतो, ट्रॅक्टरला बांधतो, मग डबीला का नको? तरी डबी वरडायची थांबंना, म्हणून गेल्या शनिवारी दोन बांधली. आज तीन बांधणार हाय.

तुमचा अमोल आला तवा मी काढून ठेवलं होतं. शिकलेली माणसं हसतात. तुझे मामा बघतात, पण त्यांना ते दिसत नाय, दाराच्या कडीसारखं झालं त्यांना.

आता तूच सांग, तीननं भागंल का नस्तनपूरच्या शनीला जाऊन येऊ? अन् झुंबर अजून आपल्याकडं जेवत नाय. तेवढं तुझ्या मामाला काहीतरी लिही.

तुझी मामी

—

अंबड
९ जुलै

मामी,

तुझं पत्र मी कारखान्यात उभ्यानं वाचलं आणि इतकी मोठ्यानं हसले की अमोलच्या हातातला चहा सांडला. मग तेच पत्र सरांना वाचून दाखवलं. तेही हसून हसून डोळे पुसायला लागले.

ऐक. चाळीत चौफेर फटी. त्यातून वारा येतो आणि तुझं लिंबू लांब दोऱ्यावर सावकाश हलतं, मागे-पुढे, मागे-पुढे, जशी श्वास घेताना माणसाची छाती. ताज्या लिंबात पाणी भरलेलं, माणसाच्या अंगातही पाणीच. डबीला लिंबू आणि माणूस यांत फरक कळला नाही. लिंबू श्वासासारखं हललं म्हणून डबी फसली. वाळलं की तिला दिसेनासं व्हायचं. तू दोन बांधलीस, तिनं दोन माणसं मोजली. गेल्या शनिवारी तीन मोजली, तेही बरोबरच.

आता तुला वाटेल मी 'काढून टाक' म्हणणार. नाही म्हणणार. सर म्हणाले, अख्ख्या जिल्ह्यात लिंबू-मिरची नसलेली चाळ कुठे आहे? ज्या डबीला लिंबू आणि माणूस ओळखता येत नाही ती इथे विकायची कशी? इथे बसून आम्हाला हे कधीच सुचलं नसतं. म्हणून तू बांधत राहा. एक बांध, चार बांध, आखूड दोऱ्यावर बांध, लांब सोड, आणि काय बांधलंस ते रोज मला कळव. मी डबीला शिकवते. छाती श्वासासरशी एका लयीत हलते, लिंबू वाऱ्याच्या मर्जीनं हलतं आणि दोऱ्याभोवती गरगर फिरतं. हा फरक तिला कळायलाच हवा.

झुंबरदादांना माझ्यातर्फे जेवायला वाढ. पुरणपोळी कर. आणि मामांना सांग, माफी फोनवर मागू नका, समोर बसून मागा.

निकिता

—

वडगावथडी
२८ जुलै

चि. निकिता,

माझ्या नाकावर टिच्चून दोन महिने लिंबू लटकत होतं आणि मी खाट टाकून चोर शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आता भारत मला रोज ऐकवतो.

झुंबरपुढे मी बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण त्याच्या ताटात पोळी पडली आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. शेवटी तोच म्हणाला, "मालक, तूप वाढा, बाकीचं कळलं." मग आम्ही दोघांनी इतकं खाल्लं की दुपारची कामं तशीच राहिली.

तुझी मामी सध्या गावात कुणाला दाद देत नाही. सकाळी ओसरीवर बसून लिंबू ओवते, झुंबर शिडीवर चढून बांधतो आणि मी कागदावर उतरवतो. आज दोन लांब, एक आखूड, वारा बेताचा. काल तिनं वांगंही लटकवून बघितलं. मी म्हटलं, वांगं कुणी बांधतं का? तर म्हणाली, "डबीला सगळं शिकू द्या, उद्या कुणी काय बी बांधंल." कागद सोबत पाठवले आहेत. शिकणारी डबी आहे आणि मास्तरीण आमच्या घरात आहे.

मामा

—

अंबड
१८ ऑगस्ट

मामा आणि मामी,

डबी शिकली. गेल्या पंधरवड्यात तुम्ही चाळीत पानाच्या टपरीसारखी लिंबं टांगली, तरी तिनं एकदाही माणूस म्हटलं नाही. झुंबरदादा निवडायला आत गेले तेव्हा मात्र लगेच सांगितलं. मामी, हे तुझ्यामुळे झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, शेतकरी कंपनीचे लोक येत आहेत. दोघं तुमच्याकडे येतील आणि त्यांचे मोठे साहेब, जयरामभाऊ, इथे अंबडला माझ्याशेजारी पडद्यासमोर बसतील. चाळ आधी रिकामी ठेवतील, लिंबं तशीच लटकत राहतील. मग एका माणसाला आत गप्प बसवतील. पडद्यावर काय येतं ते आम्ही इथे बघणार. मधल्या काळात त्यांची माणसंच एकमेकांशी बोलतील, तुमच्यापैकी कुणी मला फोन करायचा नाही, असं ठरलं आहे.

आत बसायला मामीच हवी. झुंबरदादा खोकतात आणि मामा बोलतात. मामी, तू मधल्या बोळीत पोत्यावर बस. जागचं हलायचं नाही, हात नाही, मान नाही, काही नाही. चालणारा माणूस कुणीही ओळखेल, गप्प बसलेला ओळखला तर डबी खरी. माझी दोन वर्षं त्या घटकाभरात आहेत. म्हणून सांगते, अजिबात हलू नकोस.

निकिता

—

अंबड
२३ ऑगस्ट, संध्याकाळ

मामा,

तुम्ही फोनवर "होता माणूस, होता, सविस्तर लिहितो" एवढंच बोलून ठेवून दिलात. मी तुमचीच भाची, म्हणून मीही लिहायला बसले.

इथे काय झालं ते ऐका. पहिल्या खेपेला पडद्यावर आलं, 'चाळ रिकामी'. तिकडून निरोप आला, बरोबर. जयरामभाऊंनी मान डोलावली. दुसऱ्या खेपेला पुन्हा आलं, 'चाळ रिकामी'. जयरामभाऊंनी त्यांच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, बाई आत जाऊन बसल्या आहेत. मी पडद्याकडे बघत राहिले, तरी रिकामीच. मला वाटलं, लिंबं विसरायला शिकवता शिकवता मी तिला माणूसच विसरायला लावला. जयरामभाऊंनी पेनला टोपण लावलं. सर उठून उभे राहिले.

आणि तेवढ्यात पडद्यावर रेघ अशी उसळली की मी आजवर तशी बघितली नाही. 'माणूस'. मग ती रेघ जागेवर आली आणि संथपणे वर-खाली होत राहिली, एकच माणूस, शेवटपर्यंत. त्यानंतर तिकडच्यांनी आणखी चार वेळा काहीतरी करून बघितलं आणि प्रत्येक वेळी उत्तर बरोबर असल्याचा निरोप आला. जयरामभाऊ म्हणाले, पुढच्या हंगामात आमच्या सभासदांच्या चाळींत ही लावू. सरांनी पेढे मागवले. मामा, काम माझ्याकडेच राहिलं.

पण मधल्या वेळात तिकडे काय झालं ते कुणीच सांगत नाही. मामी आत नव्हती का?

निकिता

—

वडगावथडी
२८ ऑगस्ट

चि. निकिता,

तुझं पत्र यायची वाट न बघता लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात पोस्टमन तुझं घेऊन आला. पेढे पोचल्याशिवाय त्याला यापुढे चहा मिळणार नाही.

तुझी मामी आत होती. नवं लुगडं नेसून, डबीच्या बरोब्बर खाली, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तशी. मी चाळीच्या दाराबाहेर कंपनीच्या त्या दोघांपाशी उभा होतो. त्यांच्या फोनवर 'रिकामी, रिकामी' चाललेलं मला अर्धंच ऐकू आलं, पण त्यांचे चेहरे पूर्ण दिसले. मी फटीतून आत बघितलं. बघतो तर तुझ्या मामीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल, गाल फुगलेले, डोळे घट्ट मिटलेले. इंजेक्शन घेताना ती असंच करते, जत्रेत पाळण्यात बसतानाही असंच करते. तीस वर्षांचा संसार आहे, मला लगेच कळलं. बाईनं श्वास दाबून धरला होता.

आता ओरडून सांगावं तर त्या लोकांना वाटणार, आम्ही काही खुणा करतोय. आणि 'श्वास घे' म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, माझं ऐकून ती कधी काही घेत नाही. म्हणून मी आपलं घरातलं बोललो. "अगं, गॅसवर दूध राहिलंय, उतू जातंय."

निकिता, तिनं जो श्वास घेतला तो भारतच्या मळ्यापर्यंत ऐकू गेला असेल. "अगं बाई" म्हणून उठलीच होती, पण तुझी आठवण होऊन तशीच परत पोत्यावर बसली आणि मग धापा टाकत बसून राहिली. मी त्या दोघांना खरं काय ते सांगितलं. एक हसला. दुसरा म्हणाला, "बघूच," आणि स्वतः आत जाऊन बसला. श्वास घेतला की फोनवरून 'माणूस', दाबला की 'रिकामी'. चार वेळा करून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "काकू, तुम्ही तर डबीपेक्षा पक्क्या." मग पोळ्याच्या उरलेल्या पोळ्या गरम केल्या. ते दोघं आणि झुंबर एका पंगतीला बसले.

दूध गॅसवर नव्हतंच, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत, मला वाचायच्या नाहीत म्हणते. मी पेन देऊन बाहेर जातो.

मामा

निकिता पोरी,

तुझे मामा सगळ्यांना हसत हसत सांगतात, मला लाज वाटते. पण तूच लिहिलं होतं, लिंबू श्वासासारखं हललं म्हणून डबी फसली. मी म्हणलं, नुसतं श्वासासारखं हललं तर एवढा घोटाळा झाला, मग मी खरा घेतला तर काय होईल? अन् तू म्हणाली, माझी दोन वर्षं हायेत, अजिबात हलू नको. तू माझ्या घरात लहानाची मोठी झाली. तुझं काम माझ्यापायी बिघडाया नको, म्हणून जीव मुठीत धरून बसले. डोळ्यापुढं काजवे चमकत होते, पण मनात म्हणलं, पोरीचं होऊ दे.

मला काय माहीत, तुझ्या डबीला तेवढाच पाहिजे होता. पुढच्या खेपेला आधी सांग. पोटभर श्वास घेईन.